बोरखेडीचं शीट

।। श्री ।।

उज्जैन,
१८ फेब्रुवारी १९९४

ति. विलासदादास,
विजयाचा शि. सा. न. वि. वि.

संक्रांतीचं पत्र आणि नंदावहिनींचा तिळगूळ दोन्ही पोचले. तिळगूळ चार दिवसांत संपला आणि उत्तर महिनाभर रेंगाळलं, म्हणजे आमचं खाण्याचं आणि लिहिण्याचं प्रमाण तुझ्या लक्षात येईल. पण या खेपेला उशिराला कारण आहे आणि कारण चांगलं आहे. यांना नोकरी लागली.

मिलचा भोंगा बंद पडून चौदा महिने झाले. श्रीनाथरावांसारखा माणूस इतके दिवस घरात बसला की काय होतं, ते तुला सांगायला नको. सकाळी रामघाटावर जायचे, तिथल्या पंड्यांशी सरकारच्या नव्या धोरणावर वाद घालायचे आणि दुपारी येऊन माझ्या वरणात खोट काढायचे. आता उन्हेल रस्त्याला सोयाबीनचं तेल काढायचा कारखाना उभा राहतो आहे, तिथे स्टोअरकीपर म्हणून घेतलं. पगार मिलपेक्षा उणाच, पण क्वार्टर आहे. मिलचं क्वार्टर खाली करा म्हणून तिसरी नोटीस आली होती, ती मी यांना दाखवलीही नव्हती. तुला आज सांगते, मी फार घाबरले होते. या वयात बिऱ्हाड कुठे न्यायचं, या विचारात भाजी चिरताना दोनदा बोट कापलं.

त्यात केतकीचे दिवस ऑगस्टच्या शेवटी भरतात. पहिलं बाळंतपण माहेरी, आणि माहेराला घरच नाही म्हटल्यावर मुलीने यावं कुठे? जावई आल्हादराव देवासला कच्च्या नोकरीवर, त्यांचंच अजून बस्तान बसलेलं नाही. आता ती काळजी मिटली. अक्षय्यतृतीयेला नव्या घरात जाऊ.

गावाचं नाव बोरखेडी. अप्पांना मुद्दाम सांग. नकाशाच्या खात्यात असताना त्यांनी हा सगळा इलाखा पायांनी मोजला आहे, त्यांना ऐकून बरं वाटेल. वहिनींना नमस्कार. धाकट्या बहिणीवर माया आहेच, ती पातळ होऊ देऊ नये.

तुझी,
विजया

&nbsp;

नागपूर,
३ मार्च १९९४

चि. सौ. विजयास,
अनेक आशीर्वाद.

श्रीनाथरावांचं अभिनंदन. बँकेत रोज कोणीतरी कॉम्प्युटर येणार आणि आपण जाणार म्हणून घाबरवून सोडतं, त्यात एकाला तरी नोकरी लागल्याची बातमी ऐकायला मिळाली. नंदाने शिरा केला. नोटीस लपवून ठेवलीस याबद्दल मात्र तुझा कान धरायला हवा.

अप्पांना बरं वाटेल असं तू लिहिलंस. तसं झालं नाही. तुझं पत्र मी मोठ्याने वाचत होतो. बोरखेडी म्हटल्यावर त्यांनी हात वर करून थांबवलं आणि नाव पुन्हा वाचायला लावलं. मग उठून आत गेले. थोड्या वेळाने पाहतो तर माळ्यावरची पत्र्याची नळी खाली काढून, जुनी शीटं पलंगावर पसरून, भिंग लावून बसलेले. ती नळी निवृत्तीनंतर एकदाच उघडली होती, तीही झुरळ गेलं म्हणून.

तेव्हापासून जेवण निम्म्यावर आलं आहे. मला रोज एकच विचारतात, क्वार्टर गावाच्या कोणत्या अंगाला? मला काय ठाऊक? तेव्हा तू त्यांना सरळ पत्र लिही. गावाबाहेर भेरूजीचा, म्हणजे भैरोबाचा, ओटा आहे म्हणे, तिथून किती पावलं आणि कोणत्या दिशेला, असं मोजून कळव. म्हातारपणी माणसाला काय काय आठवेल सांगता येत नाही, पण त्यांचा चेहरा मला आवडला नाही. आई गेली त्या आठवड्यात होता, तसा आहे.

उत्तर लवकर दे. इकडची माणसं तुझीच आहेत, विसरू नये.

विलास

&nbsp;

।। श्री ।।

बोरखेडी,
२० मे १९९४

तीर्थरूप अप्पांच्या सेवेशी,
बालके विजयाचे शि. सा. न.

उशीर झाला, रागावू नका. जागा डोळ्यांनी पाहिल्याशिवाय पावलं कशी मोजू? अक्षय्यतृतीयेला सामान हलवलं आणि दुसऱ्याच दिवशी तुमच्या हुकमाप्रमाणे मोजणीला निघाले. भेरूजीच्या ओट्यापासून मावळतीकडे चारशे बारा पावलं. लोक पाहत होते, स्टोअरकीपरच्या बाईंना ऊन लागलं की काय म्हणून.

वाट सारखी उतरती आहे. नऊ क्वार्टरांची एक रांग, आमचं पहिलं. कारखाना वर मुरमावर आहे, आम्ही खाली. जमीन परातीसारखी सपाट, माती काळी कुळकुळीत. क्वार्टरांच्या मावळतीला कारखान्याने ट्रकसाठी उंच सडक घातली आहे, त्यामुळे धुळीचा त्रास कमी. पाणी तर इतकं की बोअर पंधरा फुटांवर लागलं. सगळे खूश आहेत. फक्त फरशी सकाळी ओलसर असते, घाम आल्यासारखी, आणि मागच्या भिंतीला खाली भेग पडली आहे. ठेकेदार म्हणतो, नवं घर बसतंय.

मॅनेजरसाहेबांच्या खोलीत भिंतीवर सरकारी नकाशा टांगला आहे. हे म्हणतात त्यावर आमच्या इथे सगळा पिवळा रंग, म्हणजे पिकाची जमीन. तुम्ही काढलेलं शीट असेल का हो ते? मी यांना म्हटलं, माझ्या वडिलांच्या नकाशात राहायला आले.

पण अप्पा, दादा लिहितो तुम्ही जेवत नाही. काय आहे ते स्पष्ट लिहा. मी लहान नाही. न कळलेल्या गोष्टीची भीती जास्त वाटते, हे तुम्हीच मला शिकवलंत.

आशीर्वाद असावा, आणि त्यासोबत चार ओळी खरं लिहिलेल्या असाव्यात.

तुमची,
विजू

&nbsp;

नागपूर,
२९ मे १९९४

चि. सौ. विजूस,
अनेक आशीर्वाद.

चारशे बारा पावलं वाचली. शीटवर मोजली. जी जागा येऊ नये असं मी तीन महिने म्हणत होतो, तीच आली. खरं लिही म्हणालीस, तर खरं लिहितो.

माझ्यापाशी त्या भागाची दोन शीटं आहेत. एक १९०८चं, शिंदेशाहीच्या काळातलं. त्यावर बोरखेडीच्या मावळतीला निळा रंग आहे. तो तलाव आहे, चाळीस बिघ्यांचा, त्याच्या मावळतीच्या कडेला मातीची पाळ. दुसरं १९५८चं. त्यावर तिथे पिवळा रंग आहे. तो रंग मी भरला.

आमच्या कामाचा हंगाम हिवाळ्याचा. नोव्हेंबरात निघायचं, एप्रिलात परतायचं. पावसात सर्व्हेला कोणी जात नाही, म्हणून आम्ही काढलेलं प्रत्येक गाव हे कोरड्या दिवसांतलं गाव असतं. जे दिसत नाही, ते गावच्या माणसांना विचारून लिहायचं, असा नियम. मी फेब्रुवारीत पोचलो तेव्हा तलावात हरभरा उभा होता. पाणी ओसरलं की त्या गाळात गाव हरभरा पेरत असे. मी पटेलांना, म्हणजे गावच्या पाटलांना, विचारलं. ते म्हणाले, खेत है. त्यांच्या मागे उभ्या असलेल्या दहा जणांनी तेच सांगितलं. जमीनदारी नुकतीच गेली होती. नकाशात तलाव लागला तर जागा सरकारची ठरेल आणि हरभरा जाईल, ही त्यांची भीती.

मला ते खोटं आहे हे कळत होतं. जुनं शीट माझ्या खोक्यात होतं आणि पाळ डोळ्यांसमोर होती. पण त्याआधी मी तिथेच मुदतीच्या तापाने पडलो होतो. एकवीस दिवस पटेलांच्या ओसरीत. पटेलीणबाईंनी आणि त्यांच्या मुलाने, भेरूलालने, माझं अंथरूण धुतलं. आमची उंची दाखवणारी कंटूरची रेघ पन्नास फुटांना एक, सहा फुटांचा खळगा तिच्यात दिसत नाही. तिथे तलाव आहे हे सांगणारा फक्त रंग होता. मी पिवळा भरला. वर सही केली. तपासायला आलेल्या साहेबांनाही हरभराच दिसला.

एरवी तिथे चार बोटं पाणी साचतं आणि जातं. पण पंधरा-वीस वर्षांत एकदा तो पुरा भरतो, असं पटेलांनी मला स्वतः सांगितलं होतं. आणि तू लिहितेस ती उंच सडक, ती पाळीच्याच जागेवर आहे. लोकांनी नांगरून पाळ सपाट केली असेल, कारखान्याने ती पुन्हा बांधून दिली.

विजू, मला भीती वाटते. छत्तीस वर्षं मी हे कोणाला सांगितलं नाही, तुझ्या आईलाही नाही. केतकीला त्या घरात आणू नकोस. बाकी काही कर, पण हे ऐक.

अप्पा

&nbsp;

।। श्री ।।

बोरखेडी,
१२ जून १९९४

ति. दादास,
विजयाचा शि. सा. न. वि. वि.

अप्पांचं पत्र तू वाचलंच असशील. वाचलं नसशील तर त्यांच्याकडून मागून घे, मला पुन्हा लिहिवत नाही.

मी ते यांना दाखवलं. आधी हसले, मग चिडले. म्हणाले, म्हातारपणी भ्रम होतो. मी रडायला लागल्यावर मॅनेजरसाहेबांना जाऊन विचारून आले. साहेबांनी भिंतीवरचं शीट दाखवलं. सरकारी छापील कागद, त्यावर तलाव नाही, मग तलाव कुठून येणार? वर हेही सांगितलं की अशा अफवा पसरवणारा माणूस स्टोअरला ठेवून घ्यायचा की नाही, याचा विचार करावा लागेल. यांचं तोंड एवढंसं झालं. आता घरात तलाव हा शब्द काढायची चोरी आहे.

दादा, मी सकाळी उठून पहिल्यांदा फरशीला हात लावून पाहते. आभाळ भरून आलं की पेटी पलंगावर उचलून ठेवते. क्वार्टरांत मिळून अकरा मुलं आहेत. ती सडकेच्या उतारावर घसरगुंडी खेळतात, आणि मला तिथे पाळ दिसते. मी कधी पाहिली नाही ती पाळ दिसते.

केतकीला कुठे ठेवू? तिच्या सासरी न्हाणीघराला दारही नाही. उज्जैनला खोली घ्यावी तर हे म्हणतात, घर असताना मुलीला भाड्याच्या खोलीत ठेवलं तर व्याह्यांना काय सांगायचं. आषाढात तिला आणायचं पक्कं करून बसले आहेत.

अप्पांना कलेक्टरसाहेबांकडे लेखी द्यायला सांग. त्यांनी सही करून काढलं, त्यांनीच सही करून खोडावं. सख्ख्या भावापाशी नाही मागायचं तर कोणापाशी?

विजया

&nbsp;

नागपूर,
२२ जून १९९४

चि. सौ. विजयास,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र येण्याआधीच अप्पांनी अर्ज लिहून काढला होता. मी तो टाकू दिला नाही. हे तुला माझ्याकडूनच कळावं.

विजू, मी बँकेतला माणूस, कागदाला भितो. सरकारी नकाशात जाणून खोटं लिहिलं, असं शहात्तर वर्षांच्या माणसाने सहीनिशी कबूल करायचं म्हणजे काय, याचा विचार कर. पेन्शन थांबली तर? केस झाली तर? मी एका वकिलाला नाव न सांगता विचारलं, त्याने आधी माझ्याकडेच संशयाने पाहिलं. मी अप्पांना म्हटलं, एका पावसाळ्यापुरतं थांबा. त्यांनीही ऐकलं. खरं सांगायचं तर आम्ही दोघंही घाबरलो.

पण काल त्यांनी पिशवी भरली. म्हणतात, अर्ज नको तर नको, भेरूलाल जिवंत आहे, तो माझं ऐकेल. गाव तोंडाने बोललं तर कागदाची गरज पडणार नाही. मी सोबत येतो म्हटलं तर नको म्हणाले. शनिवारच्या गाडीने निघतील. स्टेशनवर कोणालातरी पाठव, आणि माझ्यावर फार रागावू नको.

विलास

&nbsp;

बोरखेडी,
१९ जुलै १९९४

चि. विलासला,
अनेक आशीर्वाद.

पोचल्याचं पत्र विजूने टाकलं, म्हणून मी उशिरा लिहितो. सांगण्यासारखं काही हाती येईल, अशी वाट पाहत होतो.

भेरूलालकडे चार वेळा गेलो. आता तोच पटेल आहे, केस पांढरे, दोन मुलगे, ट्रॅक्टर. पहिल्या दिवशी माझ्या पायांवर डोकं ठेवलं. नक्शेवाले बाबूजी आले म्हणून गावभर सांगितलं, दालबाफल्याचं जेवण केलं, तूप वाढता हात थांबेना. जेवल्यावर मी विषय काढला. तो उठून बैलांना पाणी दाखवायला गेला आणि बराच वेळ आला नाही.

चौथ्या खेपेला मी त्याला सोडलं नाही. उज्जैनच्या कोठीवर, कलेक्टरसाहेबांच्या कचेरीत चल, त्यांच्यासमोर एकदा तलाव म्हण, मी सोबत उभा राहतो, असं सांगितलं. त्याने मला समजावलं, आपण लहान मुलाला समजावतो तसं. जागा कारखान्याला विकली. तलाव म्हटलं तर ती सरकारची ठरते, मग विक्री रद्द, आणि ज्याने विकली तो चोर. एकट्याने नाही, सतरा घरांनी विकली आहे. आणि शेवटी म्हणाला, बाबूजी, खेत तो तमने ज लिख्यो थो. शेत तर तुम्हीच लिहिलं होतंत. त्यात टोमणा नव्हता. त्याला वाटलं आपण माझी बाजूच घेतो आहोत.

मग मी तो अर्ज काढला, जो तू टाकू दिला नाहीस. दोन प्रती बरोबर आणल्या होत्या. परवा बसने उज्जैनला गेलो, कोठीवर पोचलो, बाकावर बसलो. साहेबांच्या शिपायाने काम काय म्हणून विचारलं. आदल्या संध्याकाळी श्रीनाथरावांनी माझ्यापुढे हात जोडले होते, ते डोळ्यांपुढून हलेनात. म्हणाले होते, अप्पा, माझी नोकरी खाऊ नका, पोरगी बाळंतपणाला आली आहे. मी शिपायाला म्हटलं, काही काम नाही, जरा टेकलो होतो. परत आलो. हे तुला सांगतो, कारण दुसऱ्या कोणाला सांगायची लाज वाटते.

केतकी इथेच आहे. पाऊस बेताचा आहे. क्वार्टरांच्या मागे मी एक काठी रोवून ठेवली आहे आणि रोज पाणी पाहतो. मी आता पाऊस संपेपर्यंत इथून हलत नाही. माझ्या रंगात ही माणसं राहतात, तर मीही राहीन.

नंदाला आशीर्वाद. माझी काळजी करू नये असं लिहिणार होतो, पण ते खोटं होईल.

अप्पा

&nbsp;

।। श्री ।।

बोरखेडी, भेरूलाल पटेलांचं घर,
६ सप्टेंबर १९९४

ति. दादास,
विजयाचा शि. सा. न. वि. वि.

तार मिळाली असेल. सगळे जिवंत आहेत हे आधी वाच, मग पुढचं वाच.

केतकीला २६ ऑगस्टला मुलगी झाली, ते तुला कळवलंच. दवाखान्यातून पाचव्या दिवशी घरी आणली. तेव्हापासून झड लागली होती, चार दिवस सूर्य दिसला नाही. अप्पा छत्री घेऊन काठीपाशी जायचे आणि येऊन ओले पाय पुसत बसायचे. मी विचारलं नाही.

रविवारी सकाळी अकराच्या सुमाराला मी बाळाचं पाणी तापवत होते. पायाला गार लागलं. पाणी दारातून आलं नाही दादा, फरशीच्या सांध्यांतून वर आलं, शांतपणे, आवाज नाही. मी अप्पांना हाक मारली. अप्पा उठले, बाळाला उचलून केतकीच्या हातात दिलं आणि मला म्हणाले, शेजारी जा, दारं वाजव. स्वतः नवव्या क्वार्टरपासून सुरुवात केली. हे कारखान्यात होते.

बाहेर पाहिलं तर परात भरत होती. सडकेच्या अलीकडे सगळं पाणी. पोरं सडकेवर चढायला धावली, पण तिथली माती सुटून खाली येत होती. तेवढ्यात भेरूलालचा ट्रॅक्टर ट्रॉली घेऊन आला. कोणी बोलावलं नव्हतं. चाकं अर्धी बुडालेली, आणि तो उभा राहून ओरडत होता, तलाव भरई रियो हे, निकलो. वर मॅनेजरसाहेब, कारखान्याची सगळी माणसं उभी होती. सगळ्यांच्या देखत तो तलाव तलाव म्हणून ओरडत होता.

तीन खेपा केल्या. अप्पा शेवटच्या खेपेला छातीएवढ्या पाण्यातून चढले. तोवर चढायला तयारच नव्हते, प्रत्येक घराच्या दारात जाऊन आत हाक मारत होते. संध्याकाळपर्यंत पाणी खिडक्यांच्या वर गेलं. आमच्या खोलीत पाळण्याचा दोर छताला बांधला होता, तेवढा बाहेर दिसत होता असं म्हणतात. मी पाहायला गेले नाही.

आता पटेलांच्या ओसरीत आहोत. अप्पांना कालपासून ताप आहे आणि थरथर थांबत नाही. भेरूलाल त्यांच्या पायाशी बसून असतो. तू येऊन अप्पांना घेऊन जा. लगेच निघ.

विजया

&nbsp;

।। श्री ।।

उज्जैन,
१० ऑक्टोबर १९९४

तीर्थरूप अप्पांच्या सेवेशी,
बालके विजयाचे शि. सा. न.

दादाच्या पत्रावरून कळलं की ताप उतरला आणि तुम्ही पोळी खाऊ लागलात. वहिनींना म्हणावं, वरून तूप जास्त घाला. बाळाचं नाव मुक्ता ठेवलं. तुमच्यासारखं कपाळ आहे, आणि तुमच्यासारखंच टक लावून पाहते.

अप्पा, एक गोष्ट लिहायची आहे. चार कागद फाडले. आज लिहिते.

गेल्या सोमवारी पंचनामा झाला. तहसीलचे साहेब आले, ओट्यापाशी टेबल मांडलं. एकच प्रश्न होता, या जागी पूर्वी पाणी साचत होतं का. भेरूलालला पहिल्यांदा विचारलं. मी त्याच्याकडे पाहत होते. ज्याने चारचौघांत ओरडून आमचे जीव वाचवले, तो मान खाली घालून म्हणाला, नहीं साब, खेत है, बरसात ज ज्यादा हुई. मागच्या सतरा जणांनी तेच सांगितलं.

मग क्वार्टरवाल्यांतर्फे एक सही हवी होती. पहिलं क्वार्टर आमचं. आदल्या दिवशी मॅनेजरसाहेब स्वतः येऊन गेले होते. आल्हादरावांना कारखान्यात पक्की नोकरी देतो म्हणाले, आणि सात नंबरचं क्वार्टर. केतकी जवळ राहील. हे नुसते माझ्याकडे पाहत राहिले. मिल बंद झाल्यावर पाहायचे तसं.

मी सही केली. अतिवृष्टीने शेतात पाणी आलं, असं लिहिलं आहे, त्याखाली माझं पूर्ण नाव आहे.

क्वार्टरांना चुना मारून झाला. चिखल काढला, सडकेखालून एक मोठी नळी टाकणार आहेत म्हणे. दिवाळीनंतर आम्ही इथली भाड्याची खोली सोडून परत जाऊ, केतकी आणि मुक्ता सात नंबरला. पुढचा तसा पाऊस पंधरा-वीस वर्षांनी, असं तुम्हीच लिहिलं होतंत ना? मी दिवसातून कितीतरी वेळा ते आकडे मनाशी म्हणते. मला रागवा. काहीही लिहा, पण लिहा.

तुमची,
विजू

&nbsp;

नागपूर,
२१ ऑक्टोबर १९९४

चि. सौ. विजूस,
अनेक आशीर्वाद. चि. मुक्ताला पापा.

पत्र पोचलं. रागावण्याचा अधिकार मला नाही, आणि राग आलाही नाही. सही करताना हात कसा होतो, समोरच्या माणसाचं तोंड कसं दिसतं, हे मला ठाऊक आहे. तू वाईट नाहीस. भेरूलालही नाही. आपण तिघंही कोणाच्या तरी मायेपोटी घाबरलो, एवढंच.

पंधरा-वीस वर्षं हा हिशेब पटेलांनी मला सांगितला होता, तेव्हा सडक नव्हती. आता किती वर्षं, हे मला सांगता येत नाही, कोणालाच येणार नाही. नळी गाळाने भरेल. मुक्ता पुढच्या पावसाळ्यात रांगत असेल. फरशीवर.

म्हणून मी काल कलेक्टरसाहेबांना माझं निवेदन रजिस्टर्ड पोस्टाने पाठवलं. १९०८चं मूळ शीट सोबत जोडलं, प्रत ठेवली नाही. ५८ साली बोरखेडीत तलाव होता, मी तो पाहिला आणि जाणून पिवळा रंग भरला, असं लिहिलं आहे. जे होईल ते माझं होवो, असंही लिहिलं आहे, पण तसं होणार नाही हे मला कळतं. त्यांच्या फाइलीत तुझी सही आधी लागली आहे. आता तिच्यासमोर माझी लागेल, आणि तुझं लिहिलेलं खोटं आहे असं तुझ्या बापाने म्हटल्यासारखं होईल. श्रीनाथरावांची नोकरी बहुधा राहणार नाही. आल्हादरावांची लागणार नाही. विलासला निवेदन टाकून आल्यावर सांगितलं. तो फार बोलला, मग तुम्हा सगळ्यांसाठी पुढची खोली रिकामी करायला लागला.

हे पत्र तुझ्या हातात पडेल तेव्हा निवेदन कोठीवर पोचलेलं असेल. थांबव म्हणून तार करू नकोस. मी पुन्हा घाबरेन.

तुझा लोभ मला आजवर न मागता मिळाला. आज मागतो आहे.

अप्पा